हाय-पॉवर रॉकेटचं किट: जोडणी, तयारी आणि सोलापूरच्या माळावरचं उड्डाण

हाय-पॉवर रॉकेट बिघडतं ते बहुतेक वेळा वर जाताना नव्हे, खाली येताना. मोटर, म्हणजे शेपटात बसणारी इंधन भरलेली नळी, कारखान्यातून तपासून आलेली असते. ढकलण्याचं काम ती चोख करते. पॅराशूट न उघडणं, उघडताना दोरीने नळी चिरणं, रॉकेट उसाच्या फडात हरवणं, या सगळ्याचं मूळ घरच्या टेबलावर घाईत उरकलेल्या कामात असतं. त्यामुळे खाली रंगाला जेमतेम जागा दिली आहे आणि गोंद, दोरी, पॅराशूट यांना भरपूर.

मोटरी इंग्रजी अक्षरांनी ओळखतात आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला एकूण इम्पल्सची (जोर गुणिले जळण्याचा वेळ) मर्यादा दुप्पट होते. जी म्हणजे ८० ते १६० न्यूटन-सेकंद, एच म्हणजे १६० ते ३२०, आय म्हणजे ३२० ते ६४०. एचपासून पुढे हाय-पॉवर सुरू होतं. मोटर लहान असली तरी रॉकेटचं वजन १५०० ग्रॅमच्या वर गेलं की अमेरिकेतल्या हौशी रॉकेट-संस्थांच्या नियमांत ते हाय-पॉवरच धरतात. मोटरीवर 'एच १३०-७' असं लिहिलेलं असेल तर वर्ग एच, सरासरी जोर १३० न्यूटन, आणि इंधन संपल्यावर ७ सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकणारा बार.

पुढचे सगळे आकडे एकाच नमुन्याचे आहेत: ४ इंची (१०२ मिमी) पुठ्ठ्याची नळी, लांबी १.४ मीटर, प्लायवूडच्या तीन फिन (शेपटाचे पंख), ३८ मिमी मोटरीची जागा, मोटर धरून वजन १.६ किलो. पहिल्या हाय-पॉवर रॉकेटला हाच आकार घ्यावा असं आमचं मत आहे. बारीक नळीचं रॉकेट फार उंच जातं, दिसेनासं होतं, आणि आत पॅराशूट कोंबायला जागाही उरत नाही.

आधी मोटर आणि परवानगी, मग किट

बहुतेक जण उलटं करतात. किट म्हणजे पुठ्ठा, लाकूड आणि कापड. ते घ्यायला कोणी अडवत नाही. मोटर मात्र स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली येते: १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे स्फोटके नियम. परवान्याचं काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशी संकेतस्थळावर मोटर मागवायची आणि पार्सलची वाट बघायची, हा मार्ग नाही. मोटर विमानात, रेल्वेच्या डब्यात, एसटीत किंवा कुरिअरने नेता येत नाही. अमेरिकेतल्या एनएआर किंवा ट्रायपोली या संस्थांचं लेव्हल १ प्रमाणपत्र हातात असलं तरी त्याने आपल्याकडचा परवाना मिळत नाही. ते फक्त तुमच्या कौशल्याचं प्रमाण.

व्यवहारात हे काम इंजिनिअरिंग कॉलेज किंवा नोंदणी असलेल्या संस्थेच्या नावानेच पुढे सरकतं. अवकाश क्षेत्राचं काम पाहणारी केंद्रीय संस्था इन-स्पेस आणि ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट्रीची स्पर्धा घेतात. कॉलेजचा गट असेल तर त्या वाटेने मोटर आणि उड्डाणाची जागा हे दोन्ही प्रश्न बरेच हलके होतात.

परवाना लांबतोय म्हणून घरी इंधन शिजवायचं मनातही आणू नका. गड्ड्याच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम बघत मोठं झालेल्या सोलापूरकराला दारूचं फारसं भय वाटत नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. मोटरीत इंधनाचा आकार, नॉझलचं (जळता वायू बाहेर पडायच्या तोंडाचं) भोक आणि नळीची ताकद यांचं गणित जुळवलेलं असतं. इंधनात एक चीर असली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब उसळतो आणि नळी फुटते. घरगुती मोटर म्हणजे हातात धरलेला बॉम्ब.

जागेसाठी शेतमालकाची लेखी संमती, पोलिसांची परवानगी (शहराबाहेर असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षक, शहरात पोलीस आयुक्तालय) आणि विमानतळाचा ना-हरकत निरोप, एवढं हातात घेऊनच तारीख ठरवा.

माळ कुठला निवडायचा

अमेरिकेतल्या त्या संस्थांचा नियम असा, की मैदानाची लहानातली लहान बाजू अपेक्षित उंचीच्या निम्मी किंवा ४५० मीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढी हवी. आपलं रॉकेट साधारण ४०० मीटर जाईल, म्हणजे ४५० मीटर लांब आणि तेवढाच रुंद मोकळा माळ. सोलापूर जिल्ह्यात माळाला तोटा नाही, पण प्रत्येक माळ चालत नाही.

होटगी रोड आणि त्याच्या आसपासचा भाग सरळ वगळा. २०२५ पासून तिथल्या विमानतळावरून प्रवासी विमानं पुन्हा उडू लागली आहेत. विमानाच्या वाटेत काय चालतं आणि काय नाही, हे साखर कारखान्याच्या चिमणीवरून एवढं रामायण पाहिलेल्या सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. उत्तरेला नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. गवताळ, सपाट, निवांत, रॉकेटवाल्याला मोह पडावा अशी ती जमीन आहे, आणि नेमकी तिथेच जायचं नाही. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाकडून निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारांपासूनही लांब राहा. तारेवर अडकलेलं रॉकेट तुमचं राहिलेलं नसतं. काठीने काढायला जाऊ नका, वीज कंपनीला कळवा.

हंगामाचं गणित वेगळं आहे. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा थांबत नाही आणि काळ्या रानात गाडी रुतते. मार्च ते मे वाळलेलं गवत, कडब्याच्या गंजी आणि ४० च्या वरचा पारा: एक ठिणगी पुरते. नोव्हेंबर ते जानेवारी, सकाळी सात ते नऊ, हीच खरी वेळ. मात्र तेव्हा ज्वारी उभी असते, म्हणून पेरलेल्या रानाच्या कडेला नको, पडीक मुरमाड माळ बघा. वाऱ्याच्या दिशेने पुढे ऊस असेल तर ती जागा सोडा. तीन मीटर उंच उसात पांढरं-लाल रॉकेट दहा पावलांवरूनही दिसत नाही, आणि शोधताना मालकाचा ऊस तुडवला की पुढच्या वेळी माळ मिळत नाही.

सामान

किटमध्ये नोज कोन (टोकाचा शंकू), दोन नळ्या, त्यांना जोडणारा कपलर, बल्कहेड (नळी बंद करणारी चकती), ५ मिमी बर्च प्लायच्या तीन फिन, मोटरीची नळी, तिला मोठ्या नळीच्या मधोमध धरणाऱ्या ६ मिमीच्या तीन सेंटरिंग रिंगा, मोटर अडकवणारा रिटेनर, शॉक कॉर्ड (सुटे झालेले भाग बांधून ठेवणारी दोरी), पॅराशूट आणि दोन रेल बटणं (उड्डाणाच्या रेलच्या खाचेत सरकणारी) असतात. मोटरीची नळी साधारण ३०० मिमी लांब असावी, म्हणजे मोठी मोटर घ्यायची झाली तरी अडणार नाही.

बाहेरून घ्यायचं ते असं: हळू सुकणारं एपॉक्सी, आणि हे पाच मिनिटांचं नको, रात्रभर सुकणारं हवं, ८०, १२० आणि २२० नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, डिजिटल वजनकाटा, रबरी हातमोजे, स्पिरिट, एम ६ चे आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेले) आणि नट. नळीच्या बाबतीत एक मोह सोलापुरात हमखास होतो. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या आणि कापडाच्या पुठ्ठ्याच्या नळ्या ढिगाने पडलेल्या असतात. त्या जड असतात, आणि व्हर्निअरने दोन बाजूंनी मोजून पाहा: क्वचितच पूर्ण गोल भरतात. फिनची चौकट करायला, रॉकेट ठेवायचे ठोकळे करायला त्या उत्तम. अंगाला किटचीच नळी.

मोटरीची जागा

गोंद लावण्याआधी सगळं कोरडं बसवून बघा. रिंग नळीत बोटाच्या दाबाने सरकली पाहिजे. ठोकावी लागत असेल तर कड १२० ने घासा, खुळखुळत असेल तर मास्किंग टेपचा एक फेरा द्या. जिथे जिथे गोंद बसणार, तिथली नळीची गुळगुळीत चकाकी ८० नंबरने घालवा. चकाकीवर चिकटलेलं एपॉक्सी पापुद्र्यासकट निघून येतं.

वरच्या रिंगेला आय-बोल्ट आधी बसवा, नटाला एपॉक्सीचा थेंब द्या. एकदा नळीत गेल्यावर तिथे पाना पोचत नाही. वरची रिंग मोटरीच्या नळीच्या टोकापासून १० मिमी खाली, मधली फिनच्या खाचेच्या वरच्या टोकाला लागून. या दोन चिकटवा. तिसरी, शेपटाची, फक्त अडकवून ठेवा, चिकटवू नका. फिनच्या मुळाशी आतून गोंद भरायला ती नंतर काढावी लागते. इथे घाई करणाऱ्याला आतल्या भरावावर कायमचं पाणी सोडावं लागतं.

आता ही जुळणी मोठ्या नळीत. रिंग जिथे बसणार ती खोली मोजून, लांब काठीच्या टोकाने आतून एपॉक्सीचं कडं फिरवा. मग मोटरीची नळी घालून एकाच दमात शेवटपर्यंत ढकला. मध्ये थांबलात तर पुठ्ठा गोंद शोषतो, रिंग धरते, आणि ती अर्ध्यावर बसलेली रिंग ना पुढे जाते ना मागे येते. ढकलण्याआधी फिनच्या खाचा मधल्या रिंगेच्या नेमक्या खाली येतात का, ते पेन्सिलीच्या खुणेने पक्कं करा.

एपॉक्सी आणि आपली हवा यांचं जमत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की हाताळायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर तीस मिनिटं लिहिलं असेल तर ते २५ अंशांचं. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत पंधरा मिनिटांतही कप हातात गरम होतो आणि गोंद दोऱ्या ओढू लागतो. पहाटे काम करा, एका वेळी पाव कपाच्या वर कालवू नका, आणि कालवलेला गोंद कपात ढीग ठेवण्याऐवजी पसरट झाकणात ओता; पसरला की हळू तापतो.

फिन

प्लायच्या वरच्या थराचे दोर (लाकडाच्या रेषा) फिनच्या पुढच्या कडेला समांतर हवेत. उलटे असतील तर उतरताना आपटल्यावर फिन मुळाशीच मोडते. पुढची कड गोल करा, मागची थोडी निमुळती. मुळाची, म्हणजे नळीत जाणारी कड मात्र सपाट राहू द्या.

जाड पुठ्ठ्यातून १२० अंशांवर तीन खाचा असलेली चौकट कापा आणि ती नळीवर सरकवा. फिन खाचेतून आत घालून मोटरीच्या नळीला टेकली पाहिजे. मुळाला गोंद, टेकवणं, चौकटीत सरळ करणं, आठ तास हात न लावणं, मग पुढची. तिन्ही लागल्या की शेपटाची रिंग काढून आतून प्रत्येक फिनच्या दोन्ही बाजूंना गोंदाचा भराव द्या: मोटरीच्या नळीशी एक, बाहेरच्या नळीशी आतून एक. रॉकेट आडवं ठेवून ज्या कोपऱ्यात भराव टाकायचा तो तोंड वर करून पन्हळीसारखा येईल असं फिरवा, नाहीतर गोंद वाहून खाली थिजतो.

बाहेरचा भराव दिसतो म्हणून लोक त्याच्यावर जीव टाकतात, खरी ताकद आतल्याची. तरी बाहेरून ८ ते १० मिमी त्रिज्येचा भराव द्याच. एपॉक्सीत थोडी टाल्कम पावडर मिसळा म्हणजे ओघळत नाही, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा, २० मिमीच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने एकाच ओढीत आकार द्या आणि गोंद ओला असतानाच टेप काढा. सुकल्यावर काढलात तर भरावाची कड टेपबरोबर उचकटते. आता शेपटाची रिंग चिकटवा, त्यावर रिटेनर. रिटेनरच्या आट्यांत गोंद गेला तर सगळं फुकट, म्हणून आट्यांना आधी व्हॅसलीन.

रेल बटणं दोन फिनच्या बरोबर मध्ये, एकाच रेषेत. खालचं शेपटाच्या रिंगेच्या लाकडात, वरचं साधारण ६० सेमी वर, आतून लाकडी ठोकळा चिकटवून त्यात. नुसत्या पुठ्ठ्यात स्क्रू पिळला तर रेलवर चढवतानाच उपटून येतो. वरच्या नळीला आणि खालच्या नळीच्या पॅराशूटच्या कप्प्याला प्रत्येकी ३ मिमीचं एक भोक पाडा. वर जाताना बाहेरचा दाब उतरतो, आतला कोंडलेला राहिला तर नोज कोन किंवा वरची नळी वेळेआधीच निघते.

गुरुत्वमध्य आणि दाबमध्य

ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात मोजमापं भरा, पण वजनं कागदावरची नकोत. प्रत्येक भाग काट्यावर ठेवून भरा. गोंद आणि रंगाचं वजन सगळे विसरतात आणि ते बहुतेक शेपटाकडे असतं.

गुरुत्वमध्य (जिथे रॉकेट तोललं जातं) दाबमध्याच्या (जिथे हवेचा बाजूचा दाब एकवटतो) पुढे, म्हणजे नाकाकडे, नळीच्या व्यासाच्या एक ते दोन पट अंतरावर हवा. समजा सॉफ्टवेअर दाबमध्य नाकापासून १०५० मिमीवर दाखवतं, तर रॉकेट ८४५ ते ९५० मिमीच्या दरम्यान तोललं गेलं पाहिजे. हे तपासताना मोटर, पॅराशूट, दोरी सगळं आत असावं. रिकाम्या रॉकेटचा तोल बघून काही उपयोग नाही. एकपटीपेक्षा कमी असेल तर ते डगमगतं किंवा कोलांट्या खातं. नोज कोनच्या टोकात वॉशर एपॉक्सीत बसवून वजन वाढवा. आणखी वजन टाकून तीनपट केलं म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही: असं रॉकेट वाऱ्याकडे नाक वळवतं आणि तिरपं निघून जातं.

दोरी आणि पॅराशूट

शॉक कॉर्ड रॉकेटच्या लांबीच्या तीन-चार पट, इथे पाच मीटर. आय-बोल्टजवळचा पहिला मीटर केव्हलारचाच हवा, कारण पॅराशूट फेकणाऱ्या बाराची आग थेट त्याच्यावर येते. नायलॉन तिथे वितळतं आणि सूत जळतं. पुढे १४ मिमी रुंदीची नायलॉनची पट्टी. ती नागमोडी घडी घालून दर तीन-चार घड्यांना मास्किंग टेपचा एक हलका वेढा द्या. बार झाला की हे वेढे एकामागून एक तुटतात आणि झटका मुरतो.

पॅराशूट १.२ मीटर व्यासाचं. दीड किलोच्या रॉकेटला ते सेकंदाला साधारण ५.४ मीटर वेगाने उतरवतं. एक मीटरचं घेतलं तर वेग साडेसहाच्या आसपास, नांगरलेल्या रानात चालेल, मुरमावर फिन जाईल. स्वतः शिवायचं असेल तर रिपस्टॉप नायलॉनचा आठकोन कापा. दोऱ्या आठ, प्रत्येकी दीड मीटर, आणि त्या कडेला नुसत्या टाचू नका, कापडावर वीतभर आतपर्यंत शिवून घ्या. शिवण सुटते ती नेहमी कडेलाच.

घडी घालायची ती उड्डाणाच्या दिवशी सकाळी. महिनाभर दाबून ठेवलेलं पॅराशूट उघडायला कंटाळतं. कापड सगळ्या पाकळ्या एकावर एक येतील असं पसरा, टाल्कम पावडर भुरभुरवा, झेड आकारात घडी घाला. दोऱ्या कापडाभोवती करकचून गुंडाळू नका, घडीच्या आत सैल ठेवा. मग आग न लागणाऱ्या नोमेक्सच्या चौकोनी कापडात कापूर पुडीत बांधावा तसं गुंडाळून, नोमेक्सची बाजू मोटरीकडे करून आत सोडा. ते स्वतःच्या वजनाने नळीत घसरलं पाहिजे. अंगठ्याने दाबावं लागलं तर घडी सोडा आणि पुन्हा घाला.

कपलरची घट्ट-सैल परीक्षा: रॉकेट वरच्या नळीला धरून उचला, खालची नळी पडता कामा नये; हलकासा झटका द्या, सुटलं पाहिजे. हवं तसं मास्किंग टेपने जमवा. पावसाळ्यात जमवलेली बसणी थंडीत बदलते, कारण पुठ्ठा हवेतला ओलावा धरतो आणि सोडतो. म्हणून ही परीक्षा माळावर पुन्हा घ्या. दुसरी परीक्षा मोटर बसवण्याआधी: मोटरीच्या नळीतून जोराने फुंका. वरची नळी पुढे सरकत नसेल तर घट्ट आहे किंवा आत कुठेतरी हवा गळते आहे.

बार नेमका कधी व्हावा, हा सगळ्यात मोठा मुद्दा. आपल्या नमुन्यात इंधन दीड सेकंदात संपतं, तेव्हा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास असतो, आणि रॉकेट पुढे सात सेकंद आपल्याच जोरावर चढतं. शेंड्याला वेग जवळपास शून्य. बार तिथेच व्हायला हवा. सातऐवजी चार किंवा दहा सेकंद झाले की वेग तीस मीटरच्या घरात असतो. तेव्हा पॅराशूट उघडलं तर ताणलेली दोरी पुठ्ठ्याच्या नळीला वरपासून खाली चीर पाडते. काही मोटरींचा विलंब सोबतच्या हत्याराने कमी करता येतो, वाढवता येत नाही. शंका असेल तर लांब विलंबाची मोटर घ्या आणि सॉफ्टवेअरने दिलेल्या आकड्याला कापा.

रंग: प्रायमर, २२० ने घासणं, वर हलका रंग. काळा रंग नको. उन्हात काळी नळी हाताला चटका बसेल एवढी तापते आणि सामान्य एपॉक्सी तेवढ्यात मऊ पडू लागतं. तशीच गत बंद गाडीत ठेवलेल्या रॉकेटची. पांढरं अंग, लाल किंवा भगवं शेपूट हे आपल्या आकाशात आणि काळ्या मातीत दोन्हीकडे दिसतं.

रेल आणि बॅटरी

रेल २.४ मीटर, खाचेच्या ॲल्युमिनियम सेक्शनची. किटची बटणं बहुतेक एक इंची सेक्शनसाठी असतात. बाजारात मिळणारा मिलिमीटरचा सेक्शन त्यांना घट्ट होऊ शकतो, म्हणून बटण खिशात घेऊन दुकानात जा. १३० न्यूटनचा जोर म्हणजे वजनाच्या आठपट. पाचपटीच्या खाली जाऊ नका. या जोराने वरचं बटण रेल सोडतं तेव्हा वेग सेकंदाला १५ मीटर झालेला असतो. त्याहून कमी वेगात फिनना हवा पकडता येत नाही.

रेल उभी धरणाऱ्या तिकाटण्याचे पाय भेगाळलेल्या काळ्या मातीत बसत नाहीत. पायांखाली विटा किंवा प्लायचे तुकडे ठेवा आणि रेल हलवून बघा. रेलखाली लोखंडी पत्रा. सभोवार निदान साडेसात मीटर गवत काढून जमीन ओली करा. दोन बादल्या पाणी, पोती आणि झाडाच्या हिरव्या डहाळ्या हाताशी.

मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी, तीस मीटरपेक्षा लांब वायर, आणि मालिकेत दोन गोष्टी: काढता येणारी किल्ली आणि दाबून धरावं लागणारं बटण. रेलजवळ जाणाऱ्याच्या खिशात किल्ली. यात सूट नाही.

उड्डाण

वारा ताशी ३२ किमीच्या वर असेल तर उडवायचंच नाही, हा नियम. आमच्या मते पहिल्यांदा १५ च्या वर थांबावं. हिशोब सोपा आहे: ४०० मीटरवरून ५.४ च्या वेगाने उतरायला सुमारे ७५ सेकंद लागतात. ताशी १५ किमी वाऱ्यात रॉकेट ३०० मीटर वाहत जातं, ३० किमीला ६०० मीटर, म्हणजे माळाबाहेर. रेल माळाच्या मधोमध लावू नका. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला लावा आणि तीन ते पाच अंश वाऱ्याकडे कलवा. २० अंशांपेक्षा जास्त कधीच नाही.

मोटर रेलपाशीच बसवा. रिटेनर पूर्ण पिळला का, ते दुसऱ्या माणसाने हाताने तपासावं. मोटर मागे निसटली तर बार नळीबाहेर होतो आणि रॉकेट भाल्यासारखं येतं. रेलवर चढवून उभं केल्यावरच इग्नायटर (विजेने पेटणारी वात) आत सारा, इंधनाच्या वरच्या टोकापर्यंत, आणि टेपने अडकवा. खालीच राहिला तर नुसता धूर होतो, मोटर पेटत नाही. तारा जोडण्याआधी क्लिप एकमेकींना टेकवून ठिणगी पडत नाही याची खात्री करा.

एच मोटरीला माणसं निदान ३० मीटर लांब हवीत. पोरंसोरं जमतातच, म्हणून ६० वर दोर बांधा. सगळे उभे, तोंड आकाशाकडे, कोणी खुर्चीवर नाही. विमान, हेलिकॉप्टर, गुरं, गुराखी पाहून घ्या. पाचपासून मोठ्याने उलटे आकडे मोजा. पेटलं नाही तर किल्ली काढा आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जागचं हलू नये.

दोन माणसं एकमेकांपासून शंभर मीटर लांब उभी करा. रॉकेट टेकलं की दोघांनी फोनच्या होकायंत्रावर दिशा वाचायची. दोन रेषा जिथे छेदतात तिथे जायचं. एकाच माणसाच्या 'तिकडे त्या बाभळीजवळ' यावर विसंबलात तर दुपार होते. वरच्या नळीत छोटा बझर टाकला तर शोध निम्म्यावर येतो. अल्टिमीटरची (उंची मोजणाऱ्या यंत्राची) हौस दुसऱ्या रॉकेटला.

टेकल्यावर मोटरीला लगेच हात लावू नका, धातू बराच वेळ पोळतो. पॅराशूट अजून हवा धरत असेल तर आधी त्याचं कापड दाबा, दोरी ओढू नका. मग केव्हलारवर जळलेला भाग, नळीच्या वरच्या कडेला चीर, नोमेक्सला भोक हे बघा. प्रत्येक फिनवर नखाने टिचकी मारा: तिन्हींचा आवाज सारखा असेल तर ठीक, एखादी बद्द वाजली तर आतला भराव सुटला आहे आणि शेपटाची रिंग उघडल्याशिवाय ते रॉकेट पुन्हा रेलवर चढवायचं नाही.